घराचा हिशेब कोणासाठी खुला?

सरकारी हिशेब नागरिकांना पाहता आले पाहिजेत, ही मागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यासाठी एकेकाळी उपोषणे करावी लागली होती याचेही विस्मरण होऊ लागले आहे. महाराष्ट्रात या मागणीला बळ मिळाले ते पारनेर तालुक्यातून. लष्करातील नोकरी संपवून १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतलेल्या अण्णा हजारे यांनी आधी शिवारातले पाणी अडविले, गावातली दारू बंद केली आणि पुढे सरकारी दप्तराकडे मोर्चा वळविला. महाराष्ट्राचा २००२ चा माहिती अधिकाराचा कायदा आणि त्यानंतर २००५ मध्ये आलेला केंद्रीय कायदा यांचा इतिहास लिहिताना या चळवळीची नोंद करावीच लागते. ग्रामपंचायतीने रस्त्यावर किती मुरूम टाकला आणि त्याचे किती पैसे दिले, हे आज दहा रुपयांचे तिकीट अर्जावर लावून कोणालाही विचारता येते. परंतु असा अर्ज ज्या घरातून लिहिला जातो, त्याच घराचा जमाखर्च घरातल्या बाईने विचारला तर तिला काय उत्तर मिळते?

हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि, ‘इकॉनॉमिक्स’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘घराची व्यवस्था’ असा आहे, हे विसरता कामा नये. पारनेर हा पर्जन्यछायेतला, बराचसा पठारी तालुका. बाजरी पावसाच्या भरवशावर आणि ज्वारी जमिनीतल्या ओलीवर. अशा प्रदेशात घर चालविणे ही मोठी अर्थशास्त्रीय कसोटीच असते. १९७२ च्या दुष्काळाने ती साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिली. पारनेरकरांना ती त्याआधीच ठाऊक होती. म्हणूनच येथील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामात गेले, आणि मागे राहिलेले घर मनीऑर्डरीवर चालले.

टपाल खात्याने १८८० मध्ये सुरू केलेल्या या मनीऑर्डरीला एक सामाजिक अंग होते. पोस्टमन ओट्यावर टेके, नोटा मोजी आणि तळाच्या कुपनावरचा चार ओळींचा मजकूर वाचून दाखवी. किती आले, कशासाठी आले आणि पुढच्या महिन्यात किती येतील, हे घरातल्या लहानथोरांना एकाच वेळी कळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा गावाकडच्या घरांना ते समजण्यासाठी वर्तमानपत्र वाचावे लागले नाही. पोस्टमन दारावरून पुढे गेला की झाले!

म्हणून त्या काळाचे गोडवे गावेत असे मात्र नाही. मनीऑर्डर बहुधा सासऱ्याच्या नावे येई. सुनेला आकडा कळे; त्यातला रुपया कशावर खर्च करायचा, हे ठरविण्याचा अधिकार तिला नसे. आज परिस्थिती जवळजवळ उलटी झाली आहे. कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये इतिहासजमा झाली. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतला पगार, डेअरीचे बिल, सरकारी अनुदान, सारे थेट खात्यात जाते. ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये २०२४ पासून बाईच्याच नावावर जमा होऊ लागले. अधिकार कागदावर आला. पण पैसा ओट्यावरून उठून खिशातल्या मोबाइलमध्ये गेल्याने तो कोणाच्या नजरेस पडेनासा झाला. खाते आईचे, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक मुलाचा, आणि पैसे काढल्याचा संदेशही त्यालाच, ही व्यवस्था किती घरांत आहे, हे ज्याने त्याने आपल्याच घरात पाहावे.

दुधाचे उदाहरण याहून बोलके आहे. जिल्ह्याची ग्रामीण अर्थव्यवस्था आज मोठ्या प्रमाणावर दुधावर उभी आहे. चारा कापणे, शेण काढणे, पहाटेची धार काढणे ही कामे बहुतेक घरांत बाईच करते; डेअरीतले खाते मात्र बहुधा पुरुषाच्या नावे असते. दर दहा दिवसांनी येणाऱ्या बिलातून पेंडीचे किती कापले, उचल किती फिटली, हे तिला विचारावे लागते. आणि विचारणे म्हणजे संशय घेणे, असा अर्थ लावण्यास घर मोकळे असते. कर्जाच्या बाबतीत तर अनेकदा नोटीस दारावर लागेपर्यंत तिला त्याचा पत्ता नसतो.

हिशेब केवळ पैशाचा नव्हे, श्रमाचाही असतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते, तर घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात दिवसभरात काही घरकाम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच. या पाच तासांना राष्ट्रीय उत्पन्नात स्थान नाही आणि घरात तर त्यांना ‘काम’ हे नावही नाही. सेनापती बापट पारनेरचे. एडिंबरोला शिकायला गेलेला हा माणूस गावात परतल्यावर हाती झाडू घेऊन रस्ते साफ करी. ज्या कामाला कोणी मोल देत नाही, ते काम कमी प्रतीचे ठरत नाही, असाच त्या झाडूचा अर्थ होता. गावाने तो रस्त्यापुरता घेतला. उंबऱ्याच्या आत आणला नाही.

जमिनीबाबतही तेच दिसते. वडिलोपार्जित मालमत्तेतील मुलीच्या समान वाट्याची तरतूद महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क देशभर गेला. पण माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, आणि सही करण्यापूर्वी क्षेत्र किती, बोजा किती, हे विचारण्याची सोयही त्यांना बहुधा नसते. हक्क सोडायचा की ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न. तो सातबारा पाहून सुटावा, एवढी अपेक्षा अवाजवी आहे काय?

हे सारे खेड्यातल्या शेतकरी घरांपुरते आहे, असे मानून नोकरदार वाचकाने निश्चिंत होऊ नये. भविष्यनिर्वाह निधीत किती साठले, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात भरायचा, पतसंस्थेत कोणाला जामीन राहिलो, हे पत्नीला ठाऊक असलेली शिक्षकांची व कारकुनांची घरे तरी किती? दुपारी वर्गात नागरिकशास्त्राचा पाठ देणारे गुरुजी संध्याकाळी घरी ‘तुला त्यातले काय कळते?’ असे म्हणत असतील, तर तो पाठ फळ्यावरच राहिला म्हणायचा.

उपाय खर्चाचा नाही. महिन्यातून एक संध्याकाळ घरातल्या साऱ्यांनी एका वहीभोवती बसावे. जमा, खर्च, कर्ज आणि जामीनकी चार रकान्यांत मांडावी. ते लिहिण्याचे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने करावे. पुस्तकातल्या अंदाजपत्रकापेक्षा त्यातून ती अधिक शिकतील. जी धार काढते तिच्या नावे दुधाचे खाते असावे. जिचे बँक खाते आहे, मोबाइल क्रमांकही तिचाच असावा. शेताच्या व घराच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची मुभा शासनाने दिलेली आहे. तिचा उपयोग करण्यास कोणाच्या उपोषणाची गरज नाही.

राळेगणच्या ग्रामसभेत खर्च मोठ्याने वाचला जाऊ लागला, तेव्हा गाव मोडले नाही; उलट श्रमदानाला माणसे वाढली, कारण आपला घाम कोठे जातो हे त्यांना दिसत होते. घरालाही हाच न्याय लागू आहे. जिच्या श्रमांवर ते उभे आहे, तिला त्याचा हिशेब मागावा लागू नये. तो दर महिन्याला तिच्यासमोर यावा.