तुमच्या जुन्या पेपरातला उन्हाळा

मी कागदाच्या गिरणीत कामाला आहे. गिरणी वसईच्या पुढं. राहायला आरे कॉलनीत, एका गोठ्याच्या मागच्या वस्तीत. पहाटे निघतो, गोरेगावला गाडी धरतो. गिरणीत रद्दी येते. गठ्ठे फोडायचे, तारा, पिना, प्लास्टिक वेगळं काढायचं आणि कागद पल्परमध्ये लोटायचा. पाण्यात पडला की पेपरातला मंत्री आणि पेपरातला चोर एकच होऊन जातो. करडा लगदा. त्या लगद्याचा पुठ्ठा होतो, पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्या खोक्यात कुणाचे तरी नवे बूट जातात.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काय शिकलो ते या गठ्ठ्यांवर बसून. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि कुठल्या तरी जिल्ह्याचा कुठला तरी जुना पेपर दुसऱ्या हाताला. तेव्हा जुन्या पेपरांवर बोलायचा हक्क मला आहे असं मी मानतो. कुठल्याही संशोधकानं चाळले नसतील एवढे जुने पेपर मी या हातांनी बुडवले आहेत.

आता मुद्द्यावर येतो.

एका रविवारच्या पुरवणीत एक सदर येतं. लेखक महाशय मूळचे घाटावरच्या एका तालुक्याच्या गावचे. गावात एक साप्ताहिक निघायचं. त्याच्या जुन्या फायली त्यांना कुठून तरी मिळाल्या. आता ते दर उन्हाळ्यात त्या फायली उघडतात नि आपल्याला चमच्याचमच्यानं आठवणी पाजतात. वाळ्याचा पडदा. माठात टाकलेलं मोगऱ्याचं फूल. तंबूतला सिनेमा आणि त्याच्या आधी गावभर फिरणारा भोंग्याचा टांगा. मॅट्रिकचा निकाल. जत्रेतल्या कुस्त्या. यष्टीच्या टपावर चढवलेली ट्रंक आणि खाली ओसरीवर वाट बघणारी आजी. आंब्याची अढी. गावात बर्फाचा पहिला कारखाना निघाला त्याची चौकटीतली जाहिरात. काय सुंदर होतं ते गाव, काय साधी होती ती माणसं, असा शेवट ठरलेला.

खोटं कशाला बोलू, वाचताना मलाही गारवा वाटला. मे महिन्यात ड्रायरच्या वाफेच्या सिलिंडरांशेजारी बारा तास उभं राहणाऱ्याला माठातल्या मोगऱ्याची गोष्ट गारच लागणार. मी ते कात्रण खिशात ठेवलं. घरी आजीला वाचून दाखवलं. आजी मराठवाड्यातली. १९७२ च्या दुष्काळात आज्याबरोबर मुंबईला आली. तिनं सगळं ऐकून घेतलं नि एवढंच विचारलं, "माठ भरायचं कोन?"

मी कात्रण घडी करून ठेवलं. आजीचा प्रश्न मात्र घडी करून ठेवता येईना.

पुढं एक दिवस असं झालं की गठ्ठा फोडताना आतून तेच साप्ताहिक निघालं. कुणाच्या तरी वाड्याची नाही तर वाचनालयाची माळ्यावरची रद्दी विकली गेली असणार. लेखक महाशय ज्या वर्षाच्या उन्हाळ्यावर फिदा आहेत तेच वर्ष, महिना मे. मुकादमाची नजर चुकवून मी चार अंक सदऱ्यात सरकवले. रात्री आरेत दिव्याखाली वाचले.

सगळं होतं. तंबूतला सिनेमा होता. निकाल होता. "यंदा आंबा बेताचा" होतं. आणि चौथ्या पानावर ती बर्फाची जाहिरात होती, चौकट, फुलं, वेलबुट्टी. जाहिरातीच्या खाली तीन ओळी होत्या. बारीक टाइप. मथळा नाही. नवबौद्ध वस्तीतील काही इसम व ग्रामस्थ यांच्यात सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यावरून झालेला तंटा प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीने आपसात मिटला. संपलं. त्याखाली हळदीचे बाजारभाव.

लेखक महाशय, तुम्हीच लिहिलं आहे की त्या वर्षाची फाईल तुम्ही पानापानानं चाळली. बर्फाची जाहिरात तुम्हाला दिसली. तिच्याखाली बोटभर अंतरावरच्या तीन ओळी दिसल्या नाहीत? दिसल्या असतील तर गाळल्या का? आणि दिसल्याच नसतील तर हे आणखी वाईट आहे. डोळ्याला कसलीच जबरदस्ती करावी लागली नाही, तो सवयीनंच वरून घसरला.

मी आजीला विचारलं, "आपसात मिटलं म्हणजे काय गं?"

ती म्हणाली, "मिटलं म्हंजी आमी गप बसलो."

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासावर याहून छोटं आणि खरं पुस्तक कुणी लिहिलं असेल तर मला दाखवा.

मित्रांनो, प्रश्न एका सदराचा नाही. उन्हाळा हा महाराष्ट्रात सगळ्यांसाठी एक ऋतू कधीच नव्हता. एकाला सुट्टी, दुसऱ्याला घागर. इतिहास तारखेनं बघा. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर, तळं त्यांच्या ताब्यात. २० मार्च १९२७ ला, ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मग देवळात शिरणार म्हणून आवई उठवली, माणसं झोडपली. नंतर तळं शुद्ध केलं. १०८ घागरी. त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध. माणसानं पाणी प्याल्यावर तळ्याला दूध पाजणारा हा समाज. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. मुंबईच्या उच्च न्यायालयातून निकाल यायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं. दहा उन्हाळे म्हणा, म्हणजे अंगाला लागतं.

आणि वृत्तपत्रं? १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. फुकट नव्हे, पैसे देऊन. म्हणून महाडनंतर अवघ्या १४ दिवसांत, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघाला. आमचं वर्तमानपत्र ऐन उन्हाळ्यात जन्माला आलं, ते तहानेच्या पोटी. कुणाला हौस नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे गावचं झालं. शहरात, गिरणीत असं नव्हतं. १९२८ च्या एप्रिलपासून मुंबईच्या कापडगिरण्या संपावर होत्या. लाल बावटा, कामगारांची एकजूट, सगळं खरं. पण विणकाम खात्यात आमच्या माणसाला शिरकाव नव्हता. का, तर तुटलेला धागा धोट्यातून तोंडानं ओढावा लागायचा. आमची थुंकी धाग्याला लागेल म्हणून जास्त पगाराचं खातं आम्हाला बंद. बाबासाहेबांनी ते संपाच्या मागण्यांत घालायला लावलं. त्या उन्हाळ्याची आठवण काढणारे संप सांगतात. धागा सांगत नाहीत.

१९७२ घ्या. मे महिना, परभणी जिल्हा, ब्राह्मणगाव. विहिरीच्या पाण्यावरून दलित बायांची विटंबना झाली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. म्हणजे बघा, 'मूकनायक' सोडला तर आमच्या तारखा मार्च, एप्रिल, मे. तुमच्या सुट्टीच्या महिन्यात आम्हाला इतिहास घडवावा लागला, कारण विहीर आटली की माणूस कळतो.

आता मी जिथं राहतो तिथं या. आरेवरही जुन्या पेपरांतून असलंच गोड लिखाण झालं आहे, होतं आहे. १९४९ मध्ये दुग्धवसाहत वसली. ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरू उद्घाटनाला आले. शहरातले तबेले हलवून ३२ गोठे बांधले, १६ हजारांच्या आसपास म्हशी आणल्या. दुग्ध आयुक्त दारा खुरोडींना १९६३ मध्ये मॅगसेसे मिळालं. मोठं काम होतं, मी नाकारत नाही. पहाटे केंद्रावरची रांग, दुधाचं कार्ड, काचेच्या बाटलीला पातळ चकचकीत बूच. उन्हाळ्यात दादर-गिरगावची कुटुंबं इथं सहलीला यायची. छोटा काश्मीर, होडी, गार एनर्जीची बाटली, झाडाखाली पुरी-भाजी. "मुंबईतलं आमचं गाव", असं लिहितात.

त्यांच्या गावात माझा आजा पॅरा गवत कापायचा. म्हशींसाठी. दुपारी म्हशींवर नळीनं पाणी सोडायचे, उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. बरोबरच आहे, जनावर मुकं असतं. आमच्या वस्तीला नळ नव्हता. आजी म्हशींचं पाणी होईपर्यंत कडेला घागर घेऊन बसायची. ज्या गोठ्यावर आजा होता तिथं म्हशीला त्याचा हात लागलेला चालायचा, दुधाच्या कॅनला चालायचा नाही. कुणी शिवी दिली नाही. कुणी मारलं नाही. आपसात मिटलेलं होतं.

आणि आमच्याही आधीपासून इथं वारली आहेत, कोकणा आहेत, मल्हार कोळी आहेत. २७ पाडे. म्हशी यायच्या आधीपासून. सहलीच्या त्या लेखांत होडी आहे, पाडा नाही. करवंदं विकणारी "एक आदिवासी बाई" कधीमधी येते, पण ती नाव नसलेली, घर नसलेली. जणू करवंदाच्या जाळीतच उगवली.

यात बिघडलं काय, विचाराल. आठवणीच तर आहेत, कुणाचं काय जातं?

जमीन जाते.

आरेत मेट्रोची कारशेड आली तेव्हा सरकारनं न्यायालयात उभं राहून सांगितलं की आरे हे जंगल नाही. प्रजापूरपाड्यातली घरं त्या कामासाठी उठवली. ४ ऑक्टोबर २०१९ ला याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. २ हजार १४१ झाडं पडली. सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला थांबा म्हटलं तोवर पडायची ती पडली होती. अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथूनच मेट्रो धावली. मीही कधी तीत बसतो, सोवळा नाही मी. पण पाड्यातल्या म्हातारीला विचारतात, तू इथली कशावरून? कागद आण. ती कागद कुठून आणणार? पन्नास वर्षं पेपरवाले इथं आले ते होडीचं वर्णन लिहायला. जे छापलं गेलं ते पुरावा झालं. जे छापलं गेलं नाही ते अतिक्रमण झालं.

म्हणून सांगतो, ही गोड सदरं निरुपद्रवी नाहीत. खुरोडींनी म्हशीच्या दुधात पाणी आणि भुकटी घालून गरिबाला परवडेल असं टोन्ड दूध काढलं, त्यात लोकांचं भलं होतं. तुम्ही आठवणींचं टोन्ड दूध काढलंत. त्यात पाणी आमच्या डोळ्यांचं आणि बाटलीवर नाव तुमचं.

एक तक्रार मात्र माझी आपल्या लोकांवरही आहे. आपण लिहितो तेव्हा विहीरच लिहितो, मारच लिहितो. त्यांनी पेपरात आपल्याला तीन ओळींचा तंटा केलं आणि आपण ते मान्य केल्यासारखं झालं. आपल्याला उन्हाळा नव्हता का? १४ एप्रिल कधी येते? वस्तीला निळ्या पताका, रात्रभर गाणी, सकाळी नवा सदरा, एका पातेल्यात सगळ्या वस्तीची खीर. वैशाखातली बुद्धपौर्णिमा. आजी मोहाच्या फुलांचा वास सांगताना अजून नाक वर करते. शेजारच्या पाड्यातली वारली म्हातारी जांभळाच्या झाडाचं नाव घेऊन बोलते, कुठलं गोड, कुठलं तुरट, कुठलं कारशेडीत गेलं. हे सुख कुठल्या साप्ताहिकाच्या फायलीत आहे? मी एवढे गठ्ठे फोडले, मला सापडलं नाही. आपलं दुःख त्यांनी तीन ओळींत बसवलं, सुखाला एकही ओळ दिली नाही.

ते लिहायचं काम आपलं आहे. आणि हे काम नुसतं साहित्याचं नाही. २००६ चा वनहक्क कायदा वाचा. त्याच्या नियमांत लिहिलं आहे की वडीलधाऱ्या माणसांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरता येतो. हे मलाही एका रद्दीतल्या पुस्तिकेतूनच कळलं. म्हणजे सरकारच्याच कायद्यानं म्हातारीच्या तोंडाला किंमत दिली आहे. आपण द्यायची राहिलो आहोत.

मी आदिवासी नाही. माझ्या घराला तो कायदा लागत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला लिहिता येतं. म्हणून या मे महिन्यात रविवारी मी पाड्यावर जातो. वही घेऊन. म्हाताऱ्या बोलतात, मी उतरवतो. कोणती विहीर, कुणी खणली, कोणत्या साली आटली, कोणत्या झाडाखाली कुणाचं लग्न लागलं. खाली अंगठा घेतो, तारीख घालतो. पहिली वही भरली. त्यातलं पुढच्या अंकात देतो. तुम्ही आपापल्या वस्तीतलं पाठवा. शुद्धलेखन बघणार नाही. तारीख आणि विहिरीचं नाव मात्र बघणार.

ते चार अंक मी गिरणीत परत नेले. तीन पल्परमध्ये टाकले. चौथा ठेवला, बर्फाच्या जाहिरातीचा. त्याच्या समासात आजीचं वाक्य लिहिलं आणि तो वहीत चिकटवला.

लेखक महाशय, तुमच्या पुढच्या सदराला लागला तर मागून न्या.