पडद्यावरचा सातबारा : दिसतो, पण सिद्ध होतो का?

विशेष प्रतिनिधी

पंधरा रुपये भरा, संकेतस्थळावरून सातबारा उतरवून घ्या, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही, अशी ग्वाही राज्य शासनाने डिसेंबर २०२५ मध्ये दिली. वास्तविक डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नवा नाही. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्रदिनी, त्याचा प्रारंभ झाला होता आणि डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता तर माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच दिली होती. मग हाच दाखला ग्राह्य असल्याचे इतक्या वर्षांनी पुन्हा बजावून सांगण्याची वेळ का यावी? या प्रश्नाचे उत्तर केवळ सरकारी बाबूंच्या मनोवृत्तीत शोधून चालणार नाही. सर्व्हरने तयार केलेला दस्तऐवज आपल्या ब्राउझरमध्ये कसा उमटतो आणि तेथे त्याची पारख होते की नाही, हेही पाहावे लागेल.

दोन दाखले, दोन स्वभाव

सातबारा दोन प्रकारे पडद्यावर येतो. ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडला की उतारा विनामूल्य दिसतो. मात्र तो केवळ माहितीसाठी आहे, कायदेशीर कामासाठी नाही, अशी सूचना तेथेच दिलेली असते. ही सूचना म्हणजे निव्वळ सरकारी सावधगिरी नव्हे. सर्व्हर आपल्या माहितीसाठ्यातून नोंदी काढतो, त्यांचे पान रचतो आणि ब्राउझरकडे पाठवतो. ते पान एकदा वापरकर्त्याच्या संगणकावर पोहोचले की त्यावरचा ताबा वापरकर्त्याचा. ब्राउझरमध्येच असलेल्या साधनांनी खातेदाराचे नाव किंवा क्षेत्राचा आकडा बदलायला मिनिटही लागत नाही. सर्व्हरवरील मूळ नोंद अबाधित राहते, पण त्या पानाची छापील प्रत काढली तर खाडाखोडीचा मागमूसही उरत नाही.

शुल्क भरून मिळणारा दाखला याहून वेगळा असतो. सर्व्हर त्याची पीडीएफ फाइल तयार करतो आणि तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी करतो. ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. फाइलमधील मजकुरावरून गणिताने एक ठसा काढला जातो आणि तो अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंदिस्त केला जातो. पुढे स्वाक्षरी झालेल्या मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही आणि बनावट उघडी पडते. अर्थात, हे केव्हा? कोणी तो ठसा तपासून पाहिला तर!

ब्राउझर दाखवतो, तपासत नाही

नेमकी येथेच गोम आहे. सर्व्हर फाइल पाठवताना तिच्यासोबत एक सूचना पाठवतो. ही फाइल पीडीएफ आहे, ती खिडकीत दाखवायची की साठवून ठेवायची, हे त्या सूचनेवरून ब्राउझर ठरवतो. पूर्वी अशी फाइल उघडण्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर बसवावे लागे. क्रोमने २०१० मध्ये आणि फायरफॉक्सने २०१३ मध्ये ही सोय ब्राउझरमध्येच आणली. वाचकाची त्यामुळे सोय झाली, परंतु ही अंगभूत खिडकी मुख्यतः वाचनासाठी बनवलेली आहे. क्रोममध्ये दाखला उघडला तर स्वाक्षरीची चौकट दिसते, पण ती खरी की खोटी याचा निवाडा होत नाही.

त्यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवते. अस्सल दाखल्यावरील चौकटीत प्रश्नचिन्ह किंवा ‘पडताळणी झालेली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा दिसतो आणि खिडकीपलीकडचा कर्मचारी तो दाखला परत करतो. दुसरीकडे, एखाद्याने बनावट कागदावर हिरव्या ‘बरोबर’च्या खुणेचे चित्र चिकटवले तर तो बिनदिक्कत स्वीकारला जाऊ शकतो. पडताळणीची सोय असलेल्या सॉफ्टवेअरमध्येही भारताच्या मूळ प्रमाणपत्राला एकदा ‘विश्वासार्ह’ म्हणून मान्यता द्यावी लागू शकते, तोवर शंकेचे चिन्ह हटत नाही. ‘आधार’ची प्रत किंवा आयकराचा फॉर्म १६ उघडणाऱ्या नोकरदारांना हा अनुभव नवीन नाही.

छापील प्रतीचा हट्ट

यावर आपल्या कार्यालयांनी शोधलेला तोडगा म्हणजे ‘प्रिंट काढून आणा’. वस्तुतः डिजिटल स्वाक्षरीचा जीव फाइलमध्ये असतो, कागदावर उतरते ते तिचे निव्वळ चित्र. म्हणजे ज्या क्षणी बँक प्रिंट मागते, त्याच क्षणी दाखल्यातील सर्वांत भक्कम पुरावा ती स्वतःच्या हाताने फेकून देते. कागदावर उरतो तो क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक. तो संकेतस्थळावर टाकून सर्व्हरवरची मूळ प्रत पाहता येते आणि कागदाशी ताडून घेता येते. पण हे काम दाखला आणणाऱ्याचे नसून स्वीकारणाऱ्याचे आहे, ही जाणीव किती कार्यालयांत रुजली आहे?

कायद्याने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, मूळ उपकरण हजर केले नसल्यास इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचा निर्वाळा दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर फाइलचा गणिती ठसाही नमूद करावा लागतो. न्यायालयाला जो ठसा महत्त्वाचा वाटतो, तो बँकेच्या कर्ज विभागाला का वाटू नये?

प्रश्न शहरांचाही

हा केवळ शेतकऱ्यांचा प्रश्न नाही. शहरातील मिळकत पत्रिकाही आता डिजिटल स्वाक्षरीसह मिळते. गावाकडची वडिलोपार्जित जमीन सांभाळणारे मुंबई-पुण्यातील वारसदार आणि शहरालगत भूखंड घेऊ पाहणारा मध्यमवर्ग पडद्यावरील उताऱ्यावरच भिस्त ठेवतो. अशा वाचकांनी आणखी एक मर्यादा ध्यानी घ्यावी. पडताळणी यशस्वी झाली म्हणजे दाखला शासनाने दिला, एवढेच सिद्ध होते. तो तयार झाल्यानंतर फेरफार झाला असेल, तर जुना दाखला अस्सल असूनही कालबाह्य ठरतो. शिवाय सातबारा हा महसुली अभिलेख आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण केवळ त्यावरून मालकी हक्क शाबीत होत नाही.

तेव्हा उपाय काय? दाखला मागणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने प्रिंटऐवजी फाइल किंवा पडताळणी क्रमांक घ्यावा आणि तपासणीची नोंद आपल्या दप्तरी ठेवावी, असे बंधन शासनाने घातले पाहिजे. बँकांनीही सर्व्हरवरूनच नोंद थेट पडताळून पाहावी. खरेदीदाराने दुसऱ्याने दाखवलेल्या पडद्यावर वा कागदावर विसंबू नये, पंधरा रुपये खर्चून ताजा उतारा स्वतः काढावा. दाखला घरबसल्या देण्याचे अर्धे काम शासनाने केले आहे. तो तपासून स्वीकारण्याचे उरलेले अर्धे काम खिडकीपलीकडच्यांनी अंगावर घेतले नाही, तर तलाठ्याकडचा हेलपाटा वाचेल, पण फसवणुकीची वाट मोकळीच राहील.