आधी आपल्या आवडीचं खोटं तपासा

नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि तो मुसलमान झाला, हे मला लहानपणी सांगणारे सगळे प्रामाणिक लोक होते. गेल्या महिन्यात सातवी-आठवीच्या मुलांना मी विचारलं, हे खरं की खोटं, नेटवर शोधा. बहुतेकांनी 'खरं' लिहिलं. एकाने पुरावाही दिला : "सर, वेबसाइट चांगली आहे, वर बिस्मिल्लाह आहे आणि शेवटी डॉट ऑर्ग आहे."

त्याचा काय दोष? पान नीटनेटकं आहे का, शेवटी डॉट ऑर्ग आहे का, एवढंच त्याला कुणीतरी शिकवलंय. डॉट ऑर्ग तर पैसे भरून कुणालाही मिळतं! अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग यांनी इतिहासाचे पीएचडीधारक, विद्यार्थी आणि फॅक्टचेकर यांना तीच पानं तपासायला दिली. विद्वान मंडळी पान वरून खाली वाचत बसली आणि त्यातले बरेच फसले. फॅक्टचेकरनी पान लगेच सोडलं, नवे टॅब उघडले, आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं.

हे आपल्याला नवं वाटावं याची मला लाज वाटते. सांगणारा कोण, त्याने कुणाकडून ऐकलं, लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, यावर मुहद्दिसांनी अस्मा-उर-रिजालचं अख्खं शास्त्र उभं केलं. बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. आणि आपण 'माशाअल्लाह' लिहून फॉरवर्ड करतो.

आर्मस्ट्राँगने हे स्वतः नाकारलं होतं. 1983 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना तसं कळवलंही. चंद्रावर हवा नाही, म्हणून आवाजही नाही, हे तर मुलं विज्ञानाच्या तासाला शिकतात.

"बच्चों का ईमान कमज़ोर करेगा क्या तू?" मोहल्ल्यातले एक चाचा माझ्यावर भडकले. मी त्यांना 2020 ची आठवण करून दिली. एका कैद्याचा पोलिसांवर थुंकतानाचा जुना व्हिडिओ तबलीगवाल्यांचा म्हणून देशभर फिरला. तेव्हा आपणच ओरडत होतो, अरे, तपासा तरी! दुसऱ्यांनी तपासावं आणि आपण मात्र मन सुखावणारं सगळं गिळावं, हा कुठला न्याय?

मोहल्ल्यातल्या प्रत्येक शाळेत, मदरशात, अभ्यासिकेत सहावीपासून आठवड्याला एक तास यासाठी हवा. आणि पहिलं उदाहरण आपल्याच घरातलं हवं. पुढच्या शनिवारी मी मुलांना सुनीता विल्यम्स मुसलमान झाल्याची अफवा तपासायला देणार आहे. चाचांनाही बोलावलंय.