नाव नाही, पण माग आहे

बिटकॉइनने पैसे भरले की कुणाला पत्ता लागत नाही, अशी क्रिकेटवर ऑनलाइन सट्टा लावणाऱ्या अनेकांची समजूत असते. ती धोकादायक आहे. बिटकॉइनच्या खातेवहीत नाव नसतं. पण कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर, किती आणि केव्हा गेलं, हे कायमचं नोंदलं जातं आणि जगात कुणालाही वाचता येतं.

2016 मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून सुमारे 1 लाख 19 हजार बिटकॉइन चोरीला गेले. माग पुसण्यासाठी ते असंख्य व्यवहारांतून फिरवले गेले. तरी फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकी तपासयंत्रणांनी त्यातले 94 हजारांहून अधिक जप्त केले.

भारतात एक्स्चेंजवर खातं उघडतानाच पॅन द्यावा लागतो. तिथून सट्ट्याच्या साइटवर बिटकॉइन गेला की त्या व्यवहाराला नाव चिकटलंच.

साइटचा चालक मात्र बहुधा परदेशात. सट्टा लावणाऱ्याने जिंकलेली रक्कम त्याने अडवली, तर पाठवलेला बिटकॉइन परत फिरवता येत नाही आणि दाद मागायला बँकही नसते. 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहेच; आता अशा साइट ज्या पत्त्यांवर पैसे घेतात, त्यांची यादी सरकारने जाहीर करावी आणि एक्स्चेंजनी तिकडे जाणारे व्यवहार वेळीच रोखावेत.