एकतीस डिसेंबर : सनद, तहनामा आणि धुळे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘दिनविशेष’ म्हणून जी लहानशी चौकट छापली जाते ती मी शाळकरी वयापासून नेमाने वाचत आलो आहे; आणि अमुक साली अमुक गृहस्थ जन्मले, तमुक साली तमुक युद्धाला तोंड फुटले, अशी परस्परांशी काडीचा संबंध नसलेली वाक्ये एकाखाली एक वाचताना जे कुतूहल वाटते त्याचा मी अनादर करीत नाही. परंतु वर्षातला एक दिवस असा आहे की त्याच्या नोंदी खानदेशच्या माणसाने नुसत्या कुतूहलाने वाचून पान उलटावे, हे मला मान्य नाही. तो दिवस म्हणजे ३१ डिसेंबर.

३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराची पंधरा वर्षांच्या मक्तेदारीची सनद दिली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाने त्याच कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी, मराठ्यांचे राज्य का वाढले आणि का बुडाले याचा शोध घेण्यात ज्यांनी सारी हयात वेचली, ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे धुळ्यास निवर्तले. आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, ३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री, लाहोरास रावीच्या काठी पंडित नेहरूंनी पूर्ण स्वराज्याच्या निर्धाराचा तिरंगा फडकविला.

या तारखा जुळल्या म्हणून त्यांत काही दैवी संकेत शोधावा असे मी म्हणणार नाही. राजवाड्यांना तर ते मुळीच रुचले नसते. इंग्लंडात १७५२ पर्यंत जुने पंचांग चालू होते, तेव्हा कंपनीच्या सनदेची तारीख आजच्या गणनेने १० जानेवारी १६०१ अशी येते. आणि वसईचा तह झाला तेव्हा पेशव्यांच्या दफ्तरात डिसेंबर हा शब्दही नव्हता, तेथे शके १७२४ चा पौष होता आणि सुहूर सन ‘सलास मयातैन व अलफ’ होता. तारीख ही खुंटी आहे, तिला काय टांगायचे ते आपण ठरवितो. कार्यकारणाचा धागा मात्र आपल्या इच्छेवर अवलंबून नसतो, आणि या दिवसाच्या नोंदींत तो धागा लाहोरास जाण्यापूर्वी आपल्या धुळ्यातून गेला आहे.

तो असा. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा मोड केला, बाजीराव पळाला, आणि इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याच्याशी वसईस त्याने जो करार केला त्यात सहा पलटणींच्या खर्चासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. ज्या यादवीतून हा तह उद्भवला त्याच यादवीत होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडविला होता. दोन हंगाम जमीन पडीक राहिली, आणि पाठोपाठ १८०३ चा दुष्काळ आला. धुळे तेव्हा लळिंगच्या छायेत वसलेले एक सामान्य गाव होते, ते त्या दुष्काळात ओस पडले. माणसे गेली, दारे उघडी राहिली, पांझरेच्या काठी चूल पेटेना. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. १८१८ च्या फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरास इंग्रजांनी शिबंदी कापून काढून किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढविले, आणि खानदेश कंपनीच्या अंमलाखाली गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळे मध्यवर्ती म्हणून तेथे ठाणे केले. १८१९ साली त्या धुळ्यात ४०१ घरे आणि २५०९ माणसे होती. तहनाम्यावर एका सहीने काय होते हे ज्याला कळावयाचे असेल त्याने हे दोन आकडे वाचावेत.

आणि याच धुळ्यात, त्या तहाला बरोबर एकशे चोवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, राजवाडे गेले. गावोगाव पायपीट करून, स्वहस्ते अन्न शिजवून, कोणा जहागीरदाराच्या तर कोणा कुळकर्ण्याच्या घरी कागदांसाठी ताटकळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. पहिला, पानिपताच्या काळातील पत्रांचा, १८९८ साली निघाला. पाश्चात्यांची भौतिक शास्त्रे आणि शस्त्रविद्या आपण आत्मसात केली नाही, हे मराठ्यांच्या पराभवाचे एक मोठे कारण होय, हे त्यांनी कोणाची भीड न धरता लिहिले. त्यांच्या काही मतांशी मी सहमत नाही, त्यांचा आग्रहीपणा पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावे. परंतु पुरावा हातात घेतल्याखेरीज बोलू नये ही शिस्त मराठी माणसाला त्यांनीच लावली. त्यांच्या निधनानंतर, १९२७ मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढले, भास्कर वामन भट यांच्यासारख्यांनी ते जोपासले, आणि राजवाड्यांचे कागद गावातच राहिले. पुण्याबाहेरच्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी हे घडले, याचा मला खानदेशी म्हणून अभिमान वाटतो.

काही वर्षांपूर्वी एरंडोलकडच्या एका खेड्यात, नात्यातल्या एका धाब्याच्या घराची पाडापाड चालू असता, माळ्यावरून एक रुमाल खाली आला. जुनेर कापड, वर सुतळीची गाठ. गाठ सोडली तो आत लांबट पट्ट्यांसारखे मोडी कागद, कडा कसरीने खाल्लेल्या. एक कागद उलगडताच शाई सुकावी म्हणून दीडदोनशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने भुरभुरलेली वाळू अजून अक्षरांना चिकटलेली होती, ती माझ्या तळहातावर गळली. घरातली आजी म्हणाली, “भाऊ, असे दोन रुमाल मागल्या पावसाळ्यात चुलीत गेले, ओल्या लाकडाला पेट धरीना म्हणून.” त्या माउलीला मी दोष देत नाही. ते काय आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते, आणि वाचून दाखवू शकेल असा मोडी जाणणारा मनुष्य पंचक्रोशीत नव्हता. त्या दोन रुमालांत दुष्काळाच्या सालचा वसुलीचा झाडा होता की भावाभावांच्या वाटण्या होत्या, हे आता कोणालाही कळणार नाही.

३१ डिसेंबर २०२६ रोजी राजवाड्यांच्या निधनाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या रात्री जळगाव-धुळ्याच्या तरुणांनी नव्या वर्षाचे स्वागत अवश्य करावे. त्यांचा आनंद हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. परंतु दोन्ही जिल्ह्यांच्या शाळा-महाविद्यालयांनी त्या निमित्ताने मोडीचे वर्ग सुरू करावेत, जिल्हा परिषदांनी त्यासाठी थोडी तरतूद करावी, आणि ज्यांच्या घरी माळ्यावर, देव्हाऱ्यामागे वा जुन्या पेटीत असा एखादा रुमाल असेल त्यांनी तो रद्दीत घालण्यापूर्वी धुळ्याच्या राजवाडे मंडळाला एक पत्र तरी टाकावे.