शब्दांची ओळख : ‘घोस्ट’ केले म्हणजे काय केले?

इंग्रजीत घोस्ट म्हणजे भूत, हे आपण शाळेत शिकलो. आता मुले त्याचे क्रियापद करून बोलतात, ‘त्याने मला घोस्ट केलं.’ म्हणजे ओळख होती, बोलणे चालू होते आणि एक दिवस माणूस काही न सांगता गप्प झाला. फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर नाही. मेरियम-वेबस्टर कोशाने हा अर्थ 2017 साली घेतला. क्रियापद मात्र जुनेच. शेक्सपिअरकडे ते भुताने छळण्याच्या अर्थाने आले आहे आणि दुसऱ्याच्या नावाने पुस्तक लिहून देणे हाही त्याचा एक अर्थ.

एक अट लक्षात ठेवावी. आधी संबंध असल्याशिवाय हा शब्द लागत नाही. अनोळखी नंबर ब्लॉक करणाऱ्या मुलीने कोणाला घोस्ट केलेले नसते, तिने स्वतःला जपलेले असते.

मराठीत ‘गुंगारा देणे’ जवळचे वाटते, पण त्यात पळणे आहे. ‘टाळणे’ फार सौम्य. उर्दूत तर गंमतच आहे. तिथे ‘जवाब देना’ म्हणजे उत्तर देणे आणि साफ नकार देणेही. डॉक्टरांनी ‘जवाब दे दिया’ म्हटले की घरचे समजतात. म्हणजे नकारालाही आपल्या भाषेने उत्तराचाच मान दिला आहे.

शब्द नवा असला, तरी काम आपल्या सोलापुरात जुने आहे. बेगम पेठ असो की विजापूर वेस, मुलगी पाहून जातात, चहा-नाश्ता होतो, ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात आणि मग महिनाभर शांतता. मध्यस्थ खालाही फोन घेत नाहीत. मुलीची आई दुसऱ्या स्थळाला ना हो म्हणू शकते, ना नाही. मुलगी रोज आईचा चेहरा वाचते. मुलीकडचेही कधी असे वागतात, पण बहुधा ताटकळते ती मुलगीच.

सूरह निसाच्या 86व्या आयतीत सलामाचे उत्तर त्याहून चांगले, निदान तेवढेच देण्याचा हुकूम आहे. त्याच सूरहच्या 129व्या आयतीत पत्नीला अधांतरी टांगून ठेवण्यास मनाई आहे. ती आयत पत्नीबद्दल आहे, मागणीबद्दल नाही, हे आम्ही जाणतो. पण ताटकळत ठेवणे कसे असते, ते त्या एका शब्दातून कळते. शिवाय बुखारी-मुस्लिममधील हदीसप्रमाणे एका भावाच्या मागणीवर दुसऱ्याने मागणी घालू नये, जोवर पहिला ती सोडत नाही. मग सोडली की नाही, हे पहिल्याने सांगायला नको का?

‘नाही कसे म्हणायचे, वाईट दिसते’ असे आम्हाला पुष्कळ जण सांगतात. आमच्या मते गप्प बसणे जास्त वाईट दिसते. कारण देण्याची गरज नाही. रंग, उंची, शिक्षण यांतले काहीच बोलू नये. आठवड्याच्या आत एवढे पुरे : ‘अस्सलामु अलैकुम. आपण फार आपुलकीने वागलात. आमच्याकडून हे स्थळ पुढे जाऊ शकणार नाही. आमची वाट पाहू नये. अल्लाह आपल्या मुलीला उत्तम जोडीदार देवो.’