वर्गणीवर चालणारा देश



४ जुलैचे फटाके बघायला आम्ही दरवर्षी सहकुटुंब जातो. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी १७७६ आणि १७८७ ही दोन सालं मी पाठ केली होती. मधल्या अकरा वर्षांत काय झालं हे ना मला कोणी विचारलं, ना मी शोधलं. आता वाचतोय, आणि माझं मत असं झालंय की देश खरा घडला तो त्याच वर्षांत.

लढाई १७८१च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला संपल्यातच जमा होती, तीही फ्रेंच आरमाराच्या मदतीने. (तिथे हरलेला कॉर्नवॉलिस पाचच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. आपलं नशीब!) पण देश होता कुठे? तेरा राज्यांचा नुसता करार होता. काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नाही. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघत बसायचं. म्हणजे चक्क वर्गणी! ज्यांनी मंडळाचं खजिनदारपद भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मी दोन वर्षं भोगलंय. आयात मालावर ५ टक्के जकात लावू द्या म्हटलं, तर एकटं ऱ्होड आयलंड अडून बसलं, आणि करार बदलायला तेराही राज्यांची संमती हवी. जून १७८३मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला, तेव्हा काँग्रेसने प्रिन्स्टन गाठलं. १७८६त मॅसॅच्युसेट्समधले कर्जाने पिचलेले शेतकरी, त्यातले कितीतरी याच युद्धात लढलेले, कोर्टं बंद पाडायला लागले.

शेवटी १७८७च्या उन्हाळ्यात ५५ जण दारं-खिडक्या लावून बसले. काम दिलं होतं करार दुरुस्त करायचं, त्यांनी अख्खी नवी घटना लिहिली. काटेकोर बघितलं तर अधिकाराबाहेरचं. तरी मी त्यांच्या बाजूचा आहे. जिंकल्यावर इतक्या लवकर आपलं चुकलं म्हणणं सोपं नसतं.

एका बाबतीत मात्र नाही. गुलामांची गणती तीन-पंचमांश धरायची असं ठरलं. मत त्यांना नाही, जास्तीच्या जागा मालकांच्या राज्यांना. शिवाय गुलामांची आयात काँग्रेसने १८०८पर्यंत थांबवायची नाही. "तेव्हाचा काळच तसा होता हो," असं आपल्याकडे पार्टीत सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गूव्हर्नूर मॉरिस (हे नाव आहे, पद नव्हे) त्याच खोलीत गुलामगिरीविरुद्ध कडाडून बोलला होता. सगळ्यांनी ऐकलं, आणि तरीही सौदा केला.

परवा लेकीने शाळेच्या पुस्तकात ते कलम दाखवून विचारलं, "बाबा, तू याचीपण शपथ घेतलीस?" म्हटलं, १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने ते गेलं. तिने लगेच वजाबाकी केली. ८१ वर्षं.

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तुमच्यापैकी कोणी मुलांशी यावर बोललं असेल तर जरूर लिहा.